सतराशे नव्याण्णवचं वॉशिंग मशीन

गिऱ्हाइकानं वॉशिंग मशीनचं झाकण एका हातानं उघडलं तर ते नुसतं बघायला आलंय आणि दोन्ही हातांनी उघडलं तर घ्यायला आलंय. हे शास्त्र माझं मीच शोधून काढलं आणि एकतीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या सेल्समनला शिकवलं. ते साफ खोटं आहे. एका हातानं झाकण उघडणाऱ्या एका बाईंनी एका दमात मशीन, फ्रिज आणि मिक्सर नेला होता. आणि दोन्ही हातांनी उघडून, डोकं पार आत घालून बघणारे एक गृहस्थ ओळीनं तीन रविवार आले आणि शेवटी, आमच्या दुकानात पिण्याच्या पाण्याचा जार कुठून येतो, तेवढं विचारून गेले. तरी मी ते शास्त्र सोडलं नाही. आपल्याला माणसं कळतात, या समजुतीवरच सेल्समनचा दिवस निघतो.

हुबळीत दाजीबानपेठेच्या तोंडाशी, कापडाच्या दुकानांच्या रांगेत आमचं दुकान. मालक चन्नबसप्पा अण्णा. माणूस अतिशय कमी बोलणारा. त्यामुळे दुकानात बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी गरजेपेक्षा जास्त केलं. गिऱ्हाईक मराठीत सुरू झालं की मराठीत, कानडीत सुरू झालं की कानडीत, आणि नवरा-बायको आपसात भांडायला लागले की दोन्हींत. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मजूर होते. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून पंख्याखाली उभं राहून पगार घेतो, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

मग ऑनलाइन आलं. लोक दुकानात येत, मशीन फिरवून फिरवून बघत, माझ्याकडून अर्धा तास माहिती घेत, मागच्या स्टिकरचा फोटो काढत आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवत. मुलगी आमच्या घरी बघायची, चहापोहे आमचे खायचे आणि लग्न भलतीकडे लावायचं. वर काही जण मशीन घरी आलं की मलाच फोन करायचे, 'कांबळे, पाण्याची नळी कुठल्या बाजूला लावायची हो?' आणि मी सांगायचो. इतका मी मूर्ख.

अण्णांना काळजी होती, पण ते बोलत नव्हते. म्हणून मी एक युक्ती काढली. पत्र्याची मोठी पाटी करून घेतली, मजकूर माझा, अक्षरही माझंच: 'ऑनलाइनवर जो दर दिसेल, त्याहून शंभर रुपये कमी!' खाली बारीक अक्षरात, 'मॉडेल नंबर तोच हवा.' त्याखाली हेच सगळं कानडीत.

यातली मेख बाहेरच्यांना कळायची नाही, म्हणून सांगतो. कंपन्या पुष्कळदा एकच मशीन दोन नावांनी काढतात. दुकानात येणाऱ्या मशीनच्या नंबराशेवटी एक अक्षर, ऑनलाइन जाणाऱ्याच्या शेवटी दुसरं. ड्रम तोच, मोटर तीच, झाकणाचा रंग जरा वेगळा. त्यामुळे कुणी मोबाइल पुढे केला की मी चष्मा लावायचो, दोन्ही नंबर बोटानं मोजत वाचायचो आणि शेवटच्या अक्षराशी थांबून फार वाईट चेहरा करायचो. 'अरेरे, अक्षर वेगळं पडलं की हो.' दोन वर्षं पाटी टांगलेली होती आणि शंभर रुपये कमी करायची वेळ एकदाही आली नव्हती. अण्णांना मी हे अभिमानानं सांगितलं, तेव्हा ते 'हं' म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

त्या वर्षी श्रावण संपत आला होता. सकाळी उणकलच्या घरी मी चहा पीत होतो. बायको, सुनंदा, मोबाइल घेऊन आली. तिच्या माहेरच्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या पानावर वरून कपडे टाकायचं, फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. किंमत सतराशे नव्याण्णव.

"अहो, खरं असेल का हे?" तिनं विचारलं.

मी एका नजरेत ओळखलं. त्या मशीनची किंमत सतरा हजार नऊशे नव्वद. कुणाच्या तरी हातून आकडा चुकला होता. एवढा अनुभवी माणूस मी, ही चूक आहे हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि कळल्याबरोबर मी म्हणालो, "लवकर मागव. दुरुस्त करायच्या आत."

"एक?"

"एक आपल्याला. एक तुझ्या आईच्या नावावर. आणि एक..." तिसरं कशाला हवं होतं ते मला आजही सांगता येत नाही. "एक असू दे."

पैसे माल हातात आल्यावर द्यायचे होते. म्हणजे आपलं काही जाणार नव्हतं. मी स्कूटरवर बसलो तो शीळ वाजवतच. घरापासून दुकानापर्यंतच्या रस्त्यात, इतका वेळ, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे पान आणखी कुणाकुणाला दिसलं असेल आणि ते लोक कुठं जातील.

दुकानाचं शटर बंद होतं आणि बाहेर वीस-बावीस माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सगळ्यांत पुढे एक बाई, चाळिशीची, पदर खोचलेला. तिच्यामागे भाड्याची मालरिक्षा, दोरखंडासकट तयार. तिचं नाव रेणुका. धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती.

ती कानडीत म्हणाली, "साहेब, तुमची पाटी आहे ना? सतराशे नव्याण्णवमधून शंभर वजा. सोळाशे नव्याण्णव. सुट्टे आणलेत."

"मग ऑनलाइनच मागवायचं की अक्का," मी म्हणालो.

"ते पाठवतील याचा काय भरवसा? तुम्ही तर इथं समोर आहात."

या विश्वासाचं काय करावं ते मला कळेना. मी शटर उघडलं. लोक आत शिरले आणि त्यांच्यामधून, छत्री टेकत, एक म्हातारी बाई पुढे आली. मी पटकन हात मागे घेतले. आठवीला मला मराठी शिकवणाऱ्या इनामदार बाई. निवृत्त होऊन धारवाडला राहत होत्या. भाचीनं मोबाइलवर दर दाखवला, बोटांचे सांधे दुखतात म्हणून मशीन हवंच होतं, तेव्हा बस धरून आल्या होत्या.

"सुधाकर, पाटी तू लिहिलीस?"

"होय बाई."

"अक्षर सुधारलंय. वाच मोठ्यानं."

त्रेपन्न वर्षांचा मी, वीस-बावीस गिऱ्हाइकांसमोर हात बांधून पाटी वाचली. बाईंनी विचारलं, "'दिसेल' म्हणजे काय?"

"दिसेल म्हणजे... दिसेल, बाई."

"मग दिसतंय की." त्यांनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला.

तेव्हा मी ठरवलं की आता भाषण करायचं. आयुष्यात मी बरीच वाईट भाषणं केली, पण इतक्या तयारीचं नाही. मी टेबलाच्या बाजूला उभा राहून दोन्ही भाषांत सांगितलं की ही उघड उघड चूक आहे, कुठल्या तरी पोराच्या हातून आकडा चुकलाय, उद्या त्याची नोकरी जाईल. समजदार माणसानं अशा वेळी मोबाइल बंद करून बाजूला ठेवावा. दुसऱ्याच्या चुकीवर टपून बसणं हे आपल्या गावच्या माणसांना शोभत नाही. दोन-तीन माना खाली गेलेल्या पाहून मला जोर चढला. "असल्या ऑर्डरी टाकणारी माणसं," मी म्हणालो, "म्हणजे हावरटपणाची कमाल!"

आणि माझा फोन वाजला. इलेक्ट्रॉनिक्स विकणारा माणूस मी, पण माझ्या फोनचा कानाला लावायचा आवाज वर्षभर बंद होता. बोलायचं तर स्पीकर लावूनच. न घ्यावा तर तो थांबेना. घेतला.

"अहो, तिन्ही ऑर्डरी लागल्या!" सुनंदाचा आवाज दुकानभर घुमला. "आईच्या नावावरची पण लागली. आणि ऐका, आपलं जुनं मशीन मी माझ्या धाकट्या बहिणीला देऊन टाकलं. ती आत्ताच रिक्षात घालून घेऊन पण गेली. ऐकताय ना?"

मी फोन बंद केला. मग रेणुका अक्कानं तीन बोटं वर केली.

"मूरु?" तिनं विचारलं. "तीन?"

लोक असे हसले की समोरच्या कापड दुकानातले नोकर बाहेर येऊन बघू लागले. मी हसण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

शेवटचा आसरा होता मॉडेल नंबरचा. मी चष्मा लावला आणि गंभीर होऊन म्हणालो, "ठीक आहे. पाटी म्हणजे पाटी. पण मॉडेल तेच हवं." मांडलेलं मशीन पुढे ओढलं, मागच्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागलो. बाई मोबाइलवरचं वाचत होत्या. आम्ही जुगलबंदीसारखे पुढे जात होतो. शेवटच्या अक्षराआधी मी सवयीनं वाईट चेहरासुद्धा तयार ठेवला होता.

अक्षर तेच निघालं.

मागच्या वर्षीचा माल होता तो. उरलासुरला खपवताना कंपनीनं दुकान आणि ऑनलाइन असा भेद ठेवलाच नव्हता. आमच्या गोदामात तसली अकरा मशिनं होती. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण ती माझ्याच सहीनं उतरवली होती.

"तोंड का उतरलं रे?" बाईंनी विचारलं. "तेच मॉडेल निघालं तर आनंद व्हायला हवा. दुकानाचा शब्द खरा ठरतोय."

शाळेत त्यांच्यापुढे मला खोटं बोलता येत नसे. त्या दिवशीही आलं नाही. मी सगळं सांगितलं. नंबर कधी जुळत नाहीत, म्हणून पाटी लावली. जुळले असते तर लावली नसती.

या वेळी कुणी हसलं नाही. बाई पाटीकडे बघत राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "त्यांचा आकडा चुकला, ती चूक. तुझी पाटी काही चूक नव्हे रे, सुधाकर. ती..." पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. शाळेत त्या रिकाम्या जागा भरायला देत. ही भरायला मला एक क्षणही लागला नाही.

अण्णा नवलगुंदला नातेवाइकांकडे गेले होते. मी फोन करून जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. "येतो," एवढंच म्हणाले. ते येईपर्यंत लोक बसून होते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ऑनलाइनही ऑर्डर टाकून ठेवली होती. कुणी भावाच्या नावावर, कुणी शेजाऱ्याच्या. एकानं तर चार मागवून ठेवली होती आणि ती ठेवायला जागा कुठं, या चिंतेत तो होता. मी लाजलो होतो, पण आता जरा बरं वाटलं. कमाल माझी एकट्याची नव्हती.

साडेअकराच्या सुमारास एक मोबाइल वाजला. मग दुसरा. मग दुकानभर एकदम, फुटाण्यांसारखे. सगळ्यांना एकच मजकूर: तांत्रिक कारणामुळे ऑर्डर रद्द, दिलगिरी, पुढच्या खरेदीवर सूट. माझ्या खिशातही सुनंदाचा निरोप आला, त्यात शब्द नव्हते, नुसती प्रश्नचिन्हं होती. चार मशिनंवाला कंपनीला फोन लावून ओरडायला लागला. पलीकडून गाणं ऐकू येत होतं. कुणी म्हणालं ग्राहक न्यायालयात जाऊ, कुणी म्हणालं जाऊ दे, स्वप्न होतं. मला वाटलं, सुटलो. आता दरच राहिला नाही तर पाटी कसली?

पण रेणुका अक्का उठली नाही. "ते पळाले," ती म्हणाली. "तुम्ही कुठं पळणार? मी आले तेव्हा दर दिसत होता."

अण्णा आले. चप्पल बाहेर काढून आत आले, पाटी खालच्या कानडीपासून वरच्या मराठीपर्यंत शांतपणे वाचली, जणू पहिल्यांदाच बघत होते. "हे कुणी लिहिलं?" वीस बोटं माझ्याकडे वळली. त्यांनी खुर्ची घेतली आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यांत लांब बोलणं केलं.

"सगळ्यांना त्या दरात दिलं तर उद्या हे दुकान नसेल. ते मला जमणार नाही, तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. ज्यांना घ्यायचंय त्यांना आज माझ्या खरेदीच्या दरात देतो, एक रुपया नफा नको. आणि या अक्का शटर उघडायच्या आधी आल्या, त्यांना पाटीवरच्या दरात. एक मशीन. नंतर पाटी खाली."

लोक कुरकुरले, पण बहुतेकांना ते पटलं असावं. काही जण शिव्या देत गेले, सहा जणांनी खरेदीच्या दरात मशिनं घेतली. मला तेवढ्यात मोठेपणा सुचला. मी अण्णांना म्हणालो, "अक्कांच्या मशीनमधलं निम्मं नुकसान माझ्या बोनसमधून घ्या." अण्णा 'छे, असं कसं' म्हणतील अशी माझी पक्की समजूत होती.

"बरं," अण्णा म्हणाले.

रेणुका अक्कानं सोळाशे नव्याण्णव रुपये मोजून दिले आणि विचारलं, "स्टँड फुकट ना?" अण्णांना हसू आलं. स्टँडही गेला.

मशीन बांधायला घेताना मी सवयीनं विचारलं, "घरी पाणी कधी येतं?"

"आठ दिवसांतून एकदा. कधी नऊ."

मी थांबलो. फुल ऑटोमॅटिक मशीन पाणी पितं ते म्हशीसारखं. नळाला सतत जोर लागतो. आठवड्याला एकदा पाणी येणाऱ्या घरात ते नुसतं उभं राहतं. तिला दोन टबांचं साधं मशीन हवं होतं, घागरीनं पाणी ओतायचं. हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं. आणि हुबळीतल्या अर्ध्या घरांत पाणी असंच येतं हे ठाऊक असून मी महागडी मशिनं विकत आलो होतो, कारण त्यावर कमिशन जास्त. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "अक्का, हे घेऊ नका. तुमच्या घरी चालणार नाही. साधं घ्या, ते मी याच दरात देववतो."

तिनं माझ्या हातातला दोरखंड काढून घेतला. मग मालरिक्षावाल्याला म्हणाली, "उचल लवकर. याचा विचार बदलतोय."

इनामदार बाईंनी काही घेतलं नाही. त्यांना बसपर्यंत सोडायला मी गेलो. त्या म्हणाल्या, "निबंध बरा लिहायचास तू. विषय सोडून लिहायचास, एवढंच." बस आली, त्या चढल्या. पुढच्या महिन्यात भाचीबरोबर येऊन त्यांनी पूर्ण किमतीत मशीन नेलं. मी तीनदा नंबर तपासून दिला. त्यांनी चौथ्यांदा तपासला.

रेणुका अक्का दसऱ्याच्या आधी आली. मशीनचा एक धुण्याचा फेरा म्हणजे घरची सगळी टाकी रिकामी, म्हणून त्यात तिनं ज्वारी भरून ठेवली होती. झाकण घट्ट बसतं, उंदीर शिरत नाहीत, अशी तारीफही तिनं केली. पण बदलून द्या म्हणाली.

"मी तेव्हाच सांगितलं होतं अक्का," मी म्हणालो. जरा तोऱ्यातच.

"सांगितलं होतं की. पण त्या दिवशी तुमचं कोण ऐकणार?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. अण्णांना विचारून मशीन बदलून दिलं. ड्रममधली ज्वारी मी स्वतः झाडून काढली, तरी ते मशीन पुढे ज्यानं घेतलं त्याला पहिल्या धुण्यात दहा-बारा दाणे सापडलेच.

आमच्या घरी मात्र मशीन नव्हतं. जुनं धाकटीकडे गेलेलं, आणि दिलेली वस्तू परत मागायची नाही असं सुनंदाचं म्हणणं. बोनस निम्मा झाल्यामुळे नवं घ्यायला नऊ महिने लागले. रविवारी विहारात मंडळी मला 'तीन मशीन' म्हणून हाक मारायची, आणि तिथून घरी आलो की मागच्या दगडावर सगळ्यांचे कपडे धुवायला बसायचो. हे सुनंदानं ठरवलेलं. ती वर खुर्ची टाकून बसायची आणि मी माझ्याच इस्त्रीच्या शर्टावर ब्रश घासत राहायचो. पाण्यात हात लाल व्हायचे.

त्या नऊ महिन्यांत सोमवार ते शनिवार मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होतो की हातानं धुतलेली कॉलर कधी पूर्ण स्वच्छ निघत नाही. आता निवृत्त झालोय, सांगायला हरकत नाही. निघते. बराच वेळ घासावं लागतं, पण निघते.